आमचा देश स्वतंत्र झाली

आमच्या वरच्या खोलीत दक्षिण सुदानचा एक पोरगा भाड्यानं राहतो. पोरगा म्हणजे बावीस-तेविशीचा बाप्या. उंची अशी की दारातून आत येताना त्याला वाकावंच लागतं. ते दार मीच बसवलेलं आहे. मी जन्मभर मिस्त्रीकाम केलं, धरमपेठेत लोकांचे बंगले उभे केले अन् स्वतःचं घर शहराच्या टोकाला, हुडकेश्वरच्या या प्लॉट पाडलेल्या लेआऊटमध्ये बांधलं. चौकटीचं माप बायकोला उभं करून घेतलं होतं. ती माझ्या खांद्याला लागायची. जगात इतकी लांब माणसं असतात अन् त्यांनाही नागपुरात खोली लागते, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

हा पोरगा मराठी बोलतो. झकास बोलतो. फक्त बाईसारखी बोलतो.

"मी आली," म्हणतो. "आज मी लय थकली." "थांबा नं, मी आंघोळ करून राहिली." आवाज असा भरदार की रिकाम्या टाकीत बोलल्यासारखा घुमतो, अन् शब्द असे. पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी त्याच्याकडे पाहतो, मग त्याच्या मागं कोणी बाई उभी आहे का ते पाहतो. एकदा चौकशीला हवालदार आला, त्याला हा म्हणाला, "बस नं वं, चहा घे." हवालदार चौकशी विसरला.

कारण सोपं आहे. त्याला मराठी माझ्या बायकोनं शिकवली. वही-पुस्तक घेऊन नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं अन् मी चौथीतून पळालो होतो. ती स्वयंपाक करता करता बोलायची, हा पाटावर बसून ऐकायचा अन् जसं ऐकलं तसं उचलायचा. त्याच्या भाषेत बाई अन् माणूस सारखंच बोलतात म्हणे. त्याला काय ठाऊक की आपल्याकडे घरी पोचलो एवढं सांगायलाही आधी आपण बाई का बाप्या ते सांगावं लागतं.

तो आला तेव्हा गल्लीत कुजबुज झाली. आफ्रिकेचा ठेवला, काळा ठेवला, काही भरवसा नाही. बायको फाटकात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माणूस हाय, कॉलेजात जाते, भाडं देते. अजून काय पायजे? तुमच्या घरची पोट्टी मांगाले आला का तो?" कुजबुज बंद झाली.

सुरुवातीला तो नुसती मान हलवून जिना चढायचा. एकदा संध्याकाळी ती ज्वारीच्या भाकरी थापत होती. हा जिन्यातच थांबला, नाक वर करून वास घेतला अन् वाकून आत आला. पिठाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. त्यांच्या मुलुखातही ज्वारीच खातात, हे मागाहून कळलं. त्यानं पीठ मागून घेतलं, पातेल्यात पाणी उकळलं अन् घोटून घोटून घट्ट गोळा केला. बायकोनं बोटानं चाखून पाहिलं.

"हा तं आपला घाटा हाय," ती मला म्हणाली. "मीठ नाही टाकलं मुडद्यानं."

मीठ टाकलं, अन् तेव्हापासून त्याचं जेवण आमच्याकडे.

तिला तो 'माय' म्हणायचा. माझं वेगळं झालं. बायकोनं जन्मात माझं नाव घेतलं नाही. "अवो, आयका नं," एवढंच. पोराला वाटलं हेच माझं नाव. अवो हे नाव, आयकानं हे आडनाव. कॉलेजात घरमालकाचं नाव विचारलं तेव्हा त्यानं तसंच सांगून टाकलं होतं. मी हसून लोटपोट झालो. बायको लाजली अन् म्हणाली, राहू द्या, त्याले नका सांगू. मग तोही मला अवोच म्हणायला लागला.

त्याच्या देशाचं तिला भारी वेड लागलं. आमच्या घरचं राजकारण नळाच्या पाण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं, पण घर फुटल्याची गोष्ट कुठलीही असो, तिला बरोबर कळायची.

"तुह्या देशात लोक किती गा?" तिनं विचारलं.

"मालूम नाही वं माय."

"असं कसं? देश तुहा हाय नं?"

"कोणी म्हणते एक कोटी, कोणी म्हणते त्याच्याहून जास्त. स्वतंत्र झाल्यापासून नीट मोजलंच नाही. मोजणारा येईन तेव्हा अर्धे लोक गाई घेऊन दूर गेलेले, बाकीचे लढाईच्या भेवानं शेजारच्या देशात कॅम्पात. मी बी कॅम्पातच मोठी झाली."

"मंग तुले कोणी मोजलं का नाही?"

"कॅम्पवाल्यायनं मोजलं. देशानं नाही."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "मी मोजलं," म्हणाली. "तू एक हाय. खाणं मात्र चौघायचं."

एकदा लग्नाचं निघालं. त्याच्या जमातीत मुलाकडचे मुलीच्या बापाला गाई देतात. बायको तवा सोडून माझ्याकडे वळली.

"आयकलं का? माह्या बापाले तुमी किती गाई दिल्या?"

"तुह्या बापानंच मले सायकल दिली होती."

"तेच म्हणून राहिली मी. ते बी वापस घ्याले पायजे होती."

पोरगा म्हणाला, "माय, तुह्यासाठी पन्नास गाई तरी लागल्या असत्या." त्या रात्री दुधावरची साय त्याला मिळाली, मला नाही.

मी तरुणपणी वेगळ्या विदर्भाच्या मोर्च्यात जायचो. घोषणा देऊन घसा बसला, विदर्भ जिथल्या तिथं. म्हणून मी जरा हेव्यानंच विचारलं, "तुमचं कसं जमलं बे?" तो म्हणाला, आधी कैक वर्षं लढाई, मग मतदान. जवळपास सगळ्यांनीच वेगळं व्हायचं म्हटलं. जुबा म्हणजे त्यांची राजधानी. तिथल्या रस्त्यावर लोक नाचत होते अन् बापानं याला खांद्यावर घेतलं होतं.

"आमचा देश स्वतंत्र झाली अन् मी बापाच्या डोक्यावरून पाहून राहिली होती," तो म्हणाला. स्वतःसोबत त्यानं देशालाही बाई करून टाकलं होतं.

"मंग?" बायकोनं विचारलं.

"दोन-अडीच वर्षं गेली. मंग मोठ्या दोघायचं बिनसलं. राष्ट्रपतीचं अन् उपराष्ट्रपतीचं. गोळ्या चालल्या. आमी पळालो."

"भाऊच फोडते घर," बायको म्हणाली. "अन् नाव बायकायचं घेते."

पुढची हकिगत मिस्त्रीच्या कामाची होती. त्यांच्या देशात दहा राज्यं होती. त्यांची अठ्ठावीस केली. मग बत्तीस. मग भांडण मिटवायला पुन्हा दहा, अन् वरून तीन तुकडे निराळे. मी म्हटलं, भिंत घाला, भिंत पाडा, असं गिऱ्हाईक मला भेटलं असतं तर या घरावर अजून दोन मजले चढवले असते.

पण बायकोचा खरा आवडता विषय म्हणजे पाच उपराष्ट्रपती. एक राष्ट्रपती अन् त्याच्या हाताखाली पाच उप. हे तिला काही केल्या पचायचं नाही. ती मुद्दाम काडी लावायची, "पाच कशाले गा?" अन् तो पेटायचा. हात नाचवून सांगायचा, मांडीवर थाप मारायचा, "माय वं माय!" म्हणायचा.

"पाच सुना अन् चूल एक," ती म्हणायची. "भाजी कोण करते?"

"सांगते सगळ्याजणी. करत कोणीच नाही."

"अन् निवडणूक?"

"तारीख येते. मंग पुढं जाते. अजून एकदा बी नाही झाली."

दोघं हसून हसून डोळे पुसायचे, अन् मी भाजीची वाट पाहत बसायचो.

मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला अन् ती मेली. लोक 'गेली' म्हणतात. मला ते चालत नाही. गेली म्हटलं की वाटतं कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला गेली असेल, येईल.

तिचा फोटो आहे, पण तिचा आवाज कुठंच नाही. मोबाईलवर बोलायचा तिला कंटाळा. उचलायची, "ते घरी नाहीत" म्हणायची अन् ठेवून द्यायची, मी समोर बसलेला असलो तरी. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. घर इतकं मोकळं झालं की माझाच खोकला मला दुसऱ्याचा वाटे. अशात एका संध्याकाळी जिन्यातून हाक आली.

"अवो, आयका नं. नळ आला."

मी ताडकन उठलो. बादली घेऊन पोरगा उभा होता. रडलो की नाही ते मी सांगत नसतो. पाणी भरलं.

तेव्हापासून मला ती सवय लागली. तो "मी आली" म्हणाला की घरात कोणी आल्यासारखं वाटायचं. तो भाजी निवडताना "किडे पडो या वांग्यायले" म्हणायचा. तिचीच शिवी, तिच्याच हेलात. बाई मेली होती, पण तिची बोली माझ्या वरच्या मजल्यावर राहत होती, अन् भाडंही देत होती.

आता मास्तर.

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहतात. शाळेत मराठीच शिकवायचे. लेआऊटच्या मंडळाचे अध्यक्षही तेच, कारण दुसरं कोणी उभं राहत नाही. परवाच्या पंधरा ऑगस्टच्या महिनाभर आधी ते माझ्याकडे आले.

"तुमच्या भाडेकरूनं झेंडावंदनाला बोलावं, असं मंडळानं ठरवलंय," म्हणाले. "विषय, माझ्या देशातील लोक आणि शासन. नव्यानं स्वतंत्र झालेला देश आहे. मुलांना कळू द्या. पण ह्या भाषेत नको. मी त्याला दर रविवारी शिकवीन."

"काहून? समजते तं सगळ्यायले."

"अहो, हसतात त्याला. परवा पोस्टात 'मी पार्सल घ्यायला आली' म्हणाला. खिडकीमागचा माणूस खुर्चीवरून पडायचा राहिला. तुमच्या लक्षात येत नाही?"

"येते नं."

"मग तुम्ही सांगत का नाही त्याला?"

"मले आवडते. माही बायको तशीच बोलत होती."

मास्तर जवळ सरकले. माणूस वाईट नाही. बायकोला दवाखान्यात न्यायला त्यांनीच गाडी काढली होती. म्हणून शिवी देता येत नव्हती, नाहीतर मी कशाला थांबतो.

"मला कळतं तुमचं," ते हळूच म्हणाले. "पण हसं त्याचं होतं. तुमचं नाही."

त्यांचं खरं होतं. समोरच्याचं खरं असलं की मी खोडी काढतो. जुनी खोड आहे.

पहिल्याच रविवारी पोरगा शिकवणीहून परतला तो तोंड पाडून. "मी बाईसारखी बोलून राहिली का?" त्यानं विचारलं.

"छ्या," मी म्हटलं. "मास्तर पुण्याकडचं शिकवून राहिले तुले. तिकडं तसं बोलते. राज्य त्यायचं, म्हणून बरोबर बी त्यायचंच."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे पुणे तुमचं खार्तूम हाय का?"

खार्तूम म्हणजे जुन्या सुदानची राजधानी. ज्यांच्या हाताखालून हे लोक सुटले ते तिथं बसतात. मला इतका आनंद झाला की त्याला गूळ खायला दिला. "अगदी तेच," म्हटलं.

पुढच्या रविवारी त्यानं मास्तरांना ताठ मानेनं सांगितलं, "गुरुजी, मले खार्तूमचं शिकायचं नाही." बिचारे मास्तर घरात जाऊन नकाशा घेऊन आले.

पण पोरगा काही भोळा नव्हता. मास्तरांनी त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी नेऊन उभं केलं. दुकानवाला म्हणाला, "मी आत्ताच आलो." दुकानवाली म्हणाली, "मी सकाळपासून आली." दोघंही पक्के नागपूरचे. पुण्याचा काही संबंध नाही. पोरगा घरी आला अन् माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तुमी लबाड हाय," म्हणाला.

"हाय," मी म्हटलं.

मग त्यानं शिकवणी मन लावून केली. मी काही कमी केलं नाही. शिकवणीच्या वेळी नळ आल्याची हाक मारली, नळ आलेला नसताना. कुलरचा पंखा धुवायला काढला अन् तो आपटत बसलो. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. संध्याकाळी पोरगा गच्चीवर येरझारा घालत पाठ करायचा. "माझा देश स्वतंत्र झाला. राष्ट्रपतींनी कारभार हाती घेतला. मी भारतात आलो." झाला, आला, आलो. खाली मी एकटा जेवायचो, अन् छतावर कोणी एकेक खिळा ठोकून काहीतरी कायमचं बंद करतंय असं वाटायचं.

एक दिवस तो दारातून वाकून आत आला अन् म्हणाला, "काका, मी आलो."

व्याकरणाला तोड नाही. मी म्हटलं, "ये बा, बस." पण घरात कोणी आल्यासारखं वाटलं नाही. खरंच भाडेकरू आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानवालीकडे गेलो. ती माझ्या बायकोची मैत्रीण. दोघी मिळून मूगवड्या घालायच्या.

"पंधरा ऑगस्टले पोरगा बोलीन," मी म्हटलं. "बोलून झालं की त्याले पाच उपराष्ट्रपतीयचं विचार. पाच कशाले, म्हण. बाकी काही नको विचारू."

"काहून जी? मले काय करायचं त्याच्या उपराष्ट्रपतीयशी?"

"विचार तं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं अन् फुटाण्याची पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

पंधरा ऑगस्टला लेआऊटच्या मोकळ्या प्लॉटवर झेंडा लागला. समोर पोरंसोरं, मग बायका खुर्च्यांवर, मागं टगे पोट्टे गाड्यांना टेकून. मी शेवटच्या खुर्चीवर. पोरगा मास्तरांनी दिलेला पांढरा कुर्ता घालून आला. कुर्ता त्याला कमरेपर्यंतच आला.

बोलला मात्र फक्कड. "आदरणीय अध्यक्ष आणि माझ्या बंधुभगिनींनो. माझा देश नऊ जुलै दोन हजार अकरा रोजी स्वतंत्र झाला. माझ्या देशात साठाहून अधिक जमाती आहेत. प्रत्येकीची बोली वेगळी आहे, आणि सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं. देशाला एक राष्ट्रपती आणि पाच उपराष्ट्रपती आहेत." बाजूला मास्तरांचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलत होते. एक चूक नाही. लोक माना डोलवत होते अन् पोरं बुंदीच्या पातेल्याकडे पाहत होती. टाळ्या झाल्या.

दुकानवाली उभी राहिली. "का गा, पाच उपराष्ट्रपती कशाले?"

पोराचं तोंड उघडंच राहिलं. मास्तरांनी हे पाठ करून घेतलं नव्हतं. "त्याचं असं आहे," तो म्हणाला. "शांतता कराराच्या... अन्वये..." पुढं गाडी रुतली. दुकानवाली पदर खोचून वाट पाहत उभी. त्यानं एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, अन् कपाळावर हात मारला.

"माय वं, काय सांगू तुले बाई! भांडण काही केल्या मिटेना. मंग ज्याच्याजवळ बंदूकवाले त्यानं खुर्ची मागितली. मी तेव्हा कॅम्पात होती, रेडिओ आयकून राहिली होती. एकाले दिली तं दुसरा रुसला. दुसऱ्याले दिली तं तिसरा..."

आधी पोरं हसली. मग मागचे पोट्टे. एकानं शिट्टी वाजवली अन् ओरडला, "ओ ताई!"

पोरगा थांबला. त्याचा चेहरा मला शेवटच्या खुर्चीवरूनही दिसला. मास्तर म्हणाले होते तेच झालं होतं, अन् ते मी करवलं होतं. मी उठायला लागलो, पण माझ्या आधी दुकानवाली मागं वळली.

"चूप रे मुडद्या! तुह्या बापाले तरी येते का भाषण देता?" अन् पुन्हा पोराकडे वळून म्हणाली, "बोल वं तू... बोल गा... बाई, माहीच जीभ घसरून राहिली. बोल, तिसरा रुसला मंग?"

आता सगळेच हसले, पण हे हसणं वेगळं होतं. यात तोही हसला.

"तिसरा रुसला. मंग चौथा, पाचवा. पाच सुना अन् चूल एक."

"भाजी कोण करते मंग?" दुसऱ्या एकीनं विचारलं.

"सांगते सगळ्याजणी. करत कोणीच नाही."

"अन् लोक मत कधी देते?"

"तारीख येते वं, मंग पुढं जाते."

"आपल्या महानगरपालिकेचं काय वेगळं हाय?" दुकानवाली म्हणाली. "मुदत सरून किती दिवस झाले. निवडणूक नाही, नगरसेवक नाही. साहेबच पाहून राहिले सगळं."

"मंग नळाचं तुमी कोणाले सांगता?" पोरानं विचारलं.

"कोणालेच नाही."

"आमच्याकडे बी तसंच हाय."

मास्तर "शांत बसा, शांत बसा" म्हणत होते. कोणी बसलं नाही. बायका खुर्च्या ओढून पुढं सरकल्या. गाई किती देता, लढाई थांबली का, तुही माय कुठी हाय, सरकारात बाया हायेत का? तो सगळ्यांना उत्तरं देत होता. सरकारात बाया हायेत, पाच उपराष्ट्रपतीयमध्ये एक बाईच हाय, म्हणाला. त्यावर बायकांनी टाळी दिली. "मंग भाजी तेच करत असन," एक म्हणाली.

शेवटी तो म्हणाला, "आमचा देश स्वतंत्र झाली तेव्हा मी लहान होती. मले वाटलं, झालं आता सगळं. पण वेगळं निघणं सोपं असते. नव्या चुलीत लाकडं ओली असते. फुंकत राहावं लागते. तं आमी फुंकून राहिलो."

दुकानवालीनं पदर तोंडाला लावला. "तिचंच बोलणं," ती शेजारणीला म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बरं केलं.

खुर्च्या गोळा करताना मास्तरांनी मला गाठलं. "हे तुमचं काम. प्रश्न तुम्ही पेरला."

"मी मिस्त्री हाय, गुरुजी. पेरणी मले येत नाही."

"महिनाभर मी घसा कोरडा केला, आणि तुम्ही भर सभेत त्याचं हसं केलंत!"

"हसं त्या पोट्ट्यायनं केलं. बायका तं त्याच्यासंग हसल्या."

"बरोबर ते बरोबर, चूक ते चूक!"

आमचे आवाज चढले तसा पोरगा बुंदीचा द्रोण घेऊन आमच्या मध्ये येऊन उभा राहिला. मला मास्तर दिसेनात, मास्तरांना मी दिसेना.

"तुमी दोघं भांडू नका," तो म्हणाला. "भांडण माह्या बोलण्यावरून हाय, मंग करार मीच करते. मले आता दोन्ही येते. कॉलेज, पोस्ट, बँक, तिथं गुरुजीचं राज्य. तिथं मी 'आलो'. फाटकाच्या आत मायचं राज्य. तिथं मी 'आली'."

"आणि गल्लीत?" मास्तरांनी लगेच विचारलं.

"गल्ली वादाची हाय. तिथं दुकानवाली मावशी उपराष्ट्रपती. ते सांगन तसं."

"अरे, पण लोक हसतात, त्याचं काय?"

"गुरुजी, कॅम्पात मी तीन भाषा शिकली. तिन्हीत लोक हसले. ह्या एकीत हसता हसता कोणी भाकर वाढली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "पण बरोबर कोणतं, ते ठरायला नको का?" त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता.

"ठरवू नं. निवडणूक घेऊ. सगळ्या लेआऊटनं मत द्यायचं. पुढच्या पंधरा ऑगस्टले."

हे मास्तरांना पटलं. लोकशाहीवर त्यांचा फार भरवसा आहे. तिथंच आम्ही हात मिळवले अन् बुंदी खाल्ली. त्यांनी आतापासून प्रचारही सुरू केला आहे. रविवारी दुकानापाशी उभे राहून बायकांना पुल्लिंग-स्त्रीलिंग समजावतात. बायका डाळ निवडून घेत "हो जी, हो जी" म्हणतात.

मी प्रचार करत नाही. पोराचा कोर्स मे महिन्यात संपतो अन् तो मतदानाच्या आधीच जुबाला परत जाणार आहे. करार करताना हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मास्तरांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

काल कांदे चिरता चिरता तोच म्हणाला, "अवो, ते निवडणूक पुढं ढकलावी लागते वाटते."

मी म्हटलं, "ढकल."